स्लॅबवरच्या सळया

"बंद करा ते आधी!"

खालून मंदाकाकूंचा आवाज आला आणि अन्वर मिस्त्रींनी ग्राइंडर थांबवला. तोवर एका कॉलमच्या चारही सळया कापून झाल्या होत्या. तुकडे स्लॅबवर पडले होते. सळयांवर पालथ्या घातलेल्या रिकाम्या बाटल्या मीच काढून कठड्यापाशी ओळीनं ठेवल्या होत्या. काकू जिना चढून वर आल्या. पीठ मळता मळता उठल्या होत्या, हात तसेच भरलेले. त्यांनी तुकड्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"भाभी, आमच्या यांना इचारलं व्हतं का तुमी?"

विचारलं होतं. पण मिळालेलं उत्तर सोयीचं नव्हतं, म्हणून ते आलंच नाही असं मी धरून चालले होते.

मंचरला आमचं मोटारी आणि पाइपांचं दुकान आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं. आम्ही मूळचे राजस्थानचे जैन. तिकडचं गाव मी दोनदा पाहिलंय आणि दोन्ही वेळा तिथे मला पाहुणीसारखंच वागवलं. लग्नाआधी केलेला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा पंधरा वर्षं कपाटात पडून होता. घराघरांवर सोलार बसायला लागलं तेव्हा तो बाहेर काढला. आमच्यात सूर्यास्ताच्या आत जेवतात, त्यामुळे सूर्य कधी उगवतो आणि कधी मावळतो हे मला घड्याळ न बघता कळतं. या धंद्याला एवढी पात्रता पुरते, असं सासरे चारचौघांत सांगतात.

हे काम अवसरी बुद्रुकचं होतं. घर तात्यांचं. घरात तात्या आणि मंदाकाकू दोघंच. ऑर्डर मात्र त्यांच्या एकुलत्या मुलानं, संदीपनं दिली होती. तो चाकणला कंपनीत नोकरीला, बायको-मुलीसह तिकडेच राहतो. आई-बापाच्या घरावर सोलार बसवून द्यायचं, हा त्याचा हट्ट. सहा पॅनेल, एक इन्व्हर्टर, घराला आणि गोठ्यातल्या चारा कापायच्या कुट्टी मशीनला पुरेल एवढी वीज. सरळ काम होतं.

सरळ नव्हत्या त्या फक्त सळया.

आमच्याकडे घर बांधून कधी पूर्ण होत नाही. स्लॅब पडतो, वास्तुशांत होते, जेवणावळ उठते, तरी कॉलमच्या सळया वर तीन-तीन फूट तशाच सोडलेल्या असतात. पुढेमागे वरचा मजला चढवायचा झाला तर याच सळयांना नव्या सळया जोडायच्या. पाणी मुरू नये, कोणाला टोक लागू नये म्हणून त्यांच्यावर बाटल्या पालथ्या घालायच्या. पेठपासून मंचरपर्यंत हायवेनं जाताना नुसती मान वर करून बघा, दर दुसऱ्या घराच्या डोक्यावर ही बाटल्यांची शेती दिसेल. बहुतेक ठिकाणी त्या सळया गंजून जातात आणि वरचा मजला बोलण्यातच राहतो.

तात्यांच्या सळया गंजलेल्या नव्हत्या. नऊ कॉलम, प्रत्येकी चार सळया, सगळ्या तांबड्याभडक. दर दिवाळीला घराला रंग लागो न लागो, तात्या वर जाऊन सळयांना रेडऑक्साइड मारायचे. मी पाहणीला गेले तेव्हा ते मागोमाग वर आले होते. म्हणाले, "भाभी, बाकी काय बी करा. या सळयांना तेवढा हात लावू नका."

मी म्हणाले, "बघू."

'बघू' हा आमच्या धंद्यातला फार सोयीचा शब्द आहे. गिऱ्हाइकाला तो 'हो' वाटतो आणि आपण तर काहीच कबूल केलेलं नसतं.

अडचण सावलीची होती. पॅनेल एकमेकांना ओळीनं जोडलेली असतात, त्या ओळीला आम्ही स्ट्रिंग म्हणतो. शेतात पसरलेल्या पाइपवर एका जागी पाय दिला की पुढचं सगळं पाणी मंदावतं, तसंच एका पॅनेलवर सावली पडली तर अख्ख्या स्ट्रिंगला फटका बसतो. नेहमीचं स्ट्रक्चर बुटकं असतं, पॅनेल स्लॅबपासून दोन-तीन फुटांवर. तात्यांच्या स्लॅबवर ती कुठेही मांडली तरी कुठल्या ना कुठल्या सळयांची आणि बाटल्यांची सावली सकाळी या पॅनेलवर, दुपारी त्या पॅनेलवर फिरणार होती. कागदावर मी चार तऱ्हेनं मांडून बघितलं. जमेना.

मी संदीपला फोन केला.

"मॅडम, कापून टाका," तो लगेच म्हणाला. "वर कोण मजला चढवणार आहे आता?"

"तात्या नको म्हणतायत."

"तात्या सगळ्यालाच नको म्हणतात. गॅसला नको म्हणाले होते. गुरुवारी ते कारखान्याच्या मिटिंगला पारगावला जाणारेत. तेवढ्यात उरका. एकदा झालं की काही बोलणार नाहीत."

इथे मी चुकले. लाईट बिल तात्यांच्या नावावर, घर तात्यांचं, अर्जावर सही तात्यांची. आणि मी ऐकलं कोणाचं, तर फोनवरच्या माणसाचं. कारण त्याचं म्हणणं माझ्या ड्रॉइंगला सोयीचं होतं. मी गुरुवार धरला.

तात्या मिटिंगवरून परत आले तेव्हा आम्ही स्लॅबवरच होतो. काकूंनी काही सांगायची गरज पडली नाही. नऊ कॉलमांपैकी कोपऱ्यातला एक बोडका झालेला रस्त्यावरूनही दिसत होता. ते वर आले. मला वाटलं, ओरडतील. मी माफीची दोन-तीन वाक्यं जुळवून ठेवली होती. तात्या वाकले, चारही तुकडे एकेक करून उचलले, काखेत धरले आणि जिन्याकडे वळले. जाता जाता एवढंच म्हणाले, "पावणं, चहा घिऊन जावा."

मी त्यांना आठ-दहा वर्षं ओळखते. त्यांच्या विहिरीवरची मोटार आमच्याच दुकानची. एवढ्या वर्षांत मी त्यांची भाभी होते. त्या दिवशी मी पावणं झाले. चहा घेतला. पॅनेल आणि पाइप स्लॅबवर ताडपत्रीखाली झाकून ठेवले आणि आम्ही निघालो. गाडीत अन्वर मिस्त्री ग्राइंडर मांडीवर घेऊन त्याची वायर गुंडाळत बसले. एरवीही ते मोजकंच बोलतात.

आठवडाभरानं मंदाकाकूंचा फोन आला. मला वाटलं, सामान घेऊन जा म्हणतील.

"भाभी, संदीप रोज सांजच्याला दूध घालायच्या टायमाला फोन करतो. आता फोन वाजला की हे उठून गोठ्यात जात्यात. पोरगं इचारतंय, तात्या कुठंयत? मी म्हनते, धार काढत्यात. रोज किती येळ धार काढनार?"

ऐकून मला फार वाईट वाटलं. मी सोलार बसवायला गेले होते आणि बाप-लेकाचं बोलणं बंद पाडून आले होते. संदीप तिकडून मलाच विचारत होता, पुढचा दिवस कधीचा? उरलेले आठ कॉलम कधी कापताय? मी त्याला पुन्हा तोच सोयीचा शब्द सांगितला.

दुकानात बसून मी ड्रॉइंग समोर घेतलं. अन्वर मिस्त्री हिशोबासाठी लोखंडी अँगल मोजत होते. मोजता मोजता म्हणाले, "भाभी, सळया खाली आणता येत नसतील तर पॅनेल वर न्या."

"किती वर?"

"मजल्याएवढी."

उंच स्ट्रक्चर आम्ही याआधी केली होती, पण सात-आठ फुटांची, खालून माणूस ये-जा करेल एवढी. मजल्याएवढी कधीच नाही. उंची वाढली की वारा वाढतो. वारा पॅनेलला खालून उचलायला बघतो, म्हणून पाइप जाड लागतात आणि त्यांचे पाय नुसत्या स्लॅबवर नाही, खाली बीम असेल तिथेच पक्के रोवावे लागतात. कोपऱ्यांना तिरके टेकू द्यावे लागतात. सगळं गणित मी दोनदा केलं, मग ओळखीच्या सिव्हिल इंजिनिअरला दाखवलं. त्यानं एक टेकू वाढवला आणि होईल म्हणाला. कापलेल्या कॉलमचंही त्याला विचारलं. तो म्हणाला, रिबारिंग करा. म्हणजे कॉलमच्या डोक्यात खोल भोकं पाडायची, केमिकल भरायचं आणि नव्या सळया रोवायच्या. नीट केलं तर ते जुन्याइतकंच पक्कं होतं.

मी अवसरीला एकटीच गेले. तात्या गोठ्यात होते. दोन वासरं नव्या खुंट्यांना बांधलेली. खुंट्या कशाच्या आहेत ते मला लगेच ओळखू आलं. तांबड्या रंगाच्या होत्या.

"तात्या, चुकले मी," मी म्हणाले. "घर तुमचं होतं, विचारायचं तुम्हाला होतं."

ते वासरापुढचा चारा सारखा करत राहिले. मग म्हणाले, "स्लॅब पडला तवा संदीप सातवीत व्हता. एकवीस दिवस सकाळ-संध्याकाळ त्यानंच पानी मारलं. वर उभा ऱ्हायचा आन म्हनायचा, तात्या, हितं माझी खोली. ह्या बाजूनं मी, त्या बाजूनं खिडकी."

"हो."

"मला काय कळत न्हाई व्हय? चाकणात त्याची नोकरी हाय, पोरगी साळंत घातलीय. तो न्हाई यायचा. पर त्याला न्हाई म्हनायचं तर त्यानं त्याच्या तोंडानं म्हनावं. घरानं न्हाई म्हनू नये."

मला माझे वडील आठवले. आमच्या माहेरच्या घरात माझ्या लग्नानंतर सात-आठ वर्षं माझी सायकल हवा भरून ठेवलेली असायची.

मग मी कागद काढला. गोठ्यातल्या पालथ्या पाटीवर पसरला. पाइप कॉलमच्या बाहेरच्या बाजूनं येतील, भिंती आतून उठवता येतील, सळया जिथल्या तिथे राहतील आणि पॅनेल त्यांच्याही वर, म्हणजे सावलीचा प्रश्न मिटला. कापलेला कॉलम मी माझ्या खर्चानं पूर्वीसारखा करून देईन, ती माझी चूक.

तात्यांनी कागदाकडे बघितलं नाही. विचारलं, "उंची किती?"

"खालच्या बाजूला साडेदहा फूट."

"दार बसंल?"

"बसेल."

"पंखा?"

"पंखाही बसेल, तात्या."

"आन खरा स्लॅब टाकायचा म्हनला तर?"

"तेव्हा पॅनेल उतरवून वरती पुन्हा बसवावी लागतील. दोन दिवसांचं काम."

"तवा तुमालाच बोलवू," तात्या म्हणाले आणि काकूंना हाक मारली, "अगं, भाभींना चहा टाक." मी परत भाभी झाले होते, हे माझ्या लक्षात यायला चहा संपावा लागला.

पुढच्या आठवड्यात काम लागलं. पहिल्या दिवशी रिबारिंग. सळया रोवून झाल्या तशा तात्या रेडऑक्साइडचा डबा घेऊन वर आले आणि केमिकल सुकायच्या आत ब्रश मारायला लागले. अन्वर मिस्त्रींनी त्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायला सांगितलं आणि का, तेही एका दमात समजावलं. एवढं लांब वाक्य मिस्त्रींच्या तोंडून मी त्या वर्षात पहिल्यांदा ऐकलं. पाइप उभे राहिले, तेव्हा तात्या बांबू घेऊन आले आणि स्वतः उंची मोजली. साडेदहा भरली. एक बोट जास्तच होती.

पॅनेल चढली, इन्व्हर्टर लागला, वीज कंपनीचा माणूस येऊन मीटर बदलून गेला. नवीन मीटर नेट मीटर. दुपारी घरात लागून उरलेली वीज लाइनीत जाते, संध्याकाळी आपल्याला लागेल तेवढी लाइनीतून परत येते, आणि मीटर दोन्ही मोजतं. तात्यांना मी म्हणाले, "डेअरीला दूध घालता तसं समजा."

"डेअरीत फॅट लावत्यात. हितं काय लावत्यात?"

"इथे फॅट नाही. नुसतं मापानं."

"मग बरं हाय, राव," तात्या म्हणाले.

पॅनेल बसवणं हे अर्धंच काम असतं. उरलेलं अर्धं घरातल्या सवयींचं. इतकी वर्षं लाईटच्या वेळेचा भरवसा नव्हता, म्हणून मंदाकाकू पहाटे उठून टाकीची मोटार लावायच्या, कुट्टी करून ठेवायच्या, पाणी तापवायच्या. सूर्य उगवायच्या आत घरातलं विजेचं सगळं काम संपलेलं आणि दिवसभर पॅनेल बिचारी लाइनीला वीज पाठवत बसलेली. मी काकूंना म्हणाले, ही कामं अकरा ते तीनमध्ये करा. नेट मीटर असलं तरी आपली वीज आपल्या घरात वापरलेली केव्हाही बरी, नियम उद्या बदलले तरी नुकसान होत नाही. काकूंना पटायला पंधरा दिवस लागले. मग एकदा फोन आला, "भाभी, लगीन झाल्यापासून पयल्यांदा सा वाजेपत्तर झोपले." याहून चांगली पावती मला अजून कोणी दिलेली नाही.

तक्रारही आली. एका दुपारी तात्यांचा फोन. "भाभी, ऊन रखरखीत हाय आन घरात लाईट न्हाई! सोलार बसवलं का शोभेला ठिवलं?"

हा प्रश्न प्रत्येक घरातून एकदा येतो, आणि त्याचं उत्तर मी आधीच द्यायला हवं होतं. मी तात्यांना सांगितलं, बाहेरची लाईट गेली की असलं सोलारही मुद्दाम बंद होतं. नाहीतर आपल्या छतावरची वीज लाइनीत उतरेल आणि तिकडे खांबावर वायरमन तार जोडत असेल. बॅटरी लावली तर घरापुरती वीज ठेवता येते, पण यांच्याकडे बॅटरी नव्हती.

"मग बंद ऱ्हाऊ दे," तात्या म्हणाले. "खांबावर बी कुनाचं तरी पोरगंच असंल."

संदीपला मी सगळं फोनवर कळवलं होतं. तो "बरं" म्हणाला होता, फार खूश नव्हता. एवढं उंच लोखंड कशाला, हे त्याला पटलं नव्हतं. बाप-लेकाचं बोलणं सुरू झालं होतं, पण काकूंच्या भाषेत 'जेवलास का, जेवलो' एवढंच.

गावच्या यात्रेला तो बायको-मुलीला घेऊन आला. मी त्याच दिवशी वायरिंगचा एक क्लॅम्प बदलायला गेले होते. आम्ही दोघं जिन्यानं वर गेलो, तात्या आमच्या मागे. एरवी भर दुपारी स्लॅबवर पाय ठेवायची सोय नसते, चटका बसतो. त्या दिवशी पॅनेलखाली दाट सावली होती. काकूंनी तिथे सतरंजी टाकून ठेवली होती. संदीपची मुलगी एका कॉलमपासून दुसऱ्या कॉलमपर्यंत पळत होती, बाटल्यांना बोटानं टकटक वाजवत.

संदीप मधोमध जाऊन उभा राहिला. वर बघितलं. मग आजूबाजूच्या कॉलमकडे बघितलं, तांबड्या सळयांकडे. कापलेला कॉलम कुठला होता ते त्याला ओळखता आलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. मग त्यानं हात लांबवून दोन कॉलममधली जागा दाखवली आणि विचारलं,

"तात्या, खिडकी ह्या बाजूला धरली होती ना आपण?"

"त्या बाजूला," तात्या म्हणाले. "ह्या बाजूनं तू."

मी क्लॅम्प बदलायचा सोडून खाली काकूंकडे पाणी प्यायला गेले. त्या दोघांमध्ये माझं काही काम नव्हतं. आणि खरं सांगायचं तर माझे डोळे भरून आले होते.

संदीप कायमचा परत आला, असं सांगितलं तर ते खोटं होईल. तो चाकणलाच आहे. पण दिवाळीत तात्यांचा फोन आला, पश्चिमेच्या बाजूचा केबलचा पाइप हातभर सरकवून पाहिजे. का, तर तिथे वीट लागतेय. संदीप महिन्यातून दोन शनिवार-रविवार येतो आणि स्वतः उभा राहून आडोशापुरती भिंत बांधून घेतोय. मी त्यांना बजावलं, पॅनेलच्या फटींतून पाऊस गळणार, त्याखाली पत्रा टाकावा लागेल. तात्या म्हणाले, "गळू दे. पयला पाऊस तरी त्याला त्याच्या खोलीत बसून बघू दे." त्या दिवाळीला रेडऑक्साइड संदीपनं मारलं. तात्यांनी शेजारी उभं राहून डबा धरला.

या कामातून मी धंद्याचं एवढंच शिकले. आमच्या पाहणीच्या फॉर्मवर छताचं माप, दिशा, सावली, मीटरचा नंबर असे कॉलम होते. त्यात मी एक कॉलम वाढवला. 'वर सळया आहेत का?' आणि त्याच्यापुढे, 'कोणासाठी?' वीज कंपनीला तो कॉलम लागत नाही, बँकेलाही लागत नाही. गिऱ्हाइकं आधी हसतात, मग जरा थांबतात आणि मग एक नाव सांगतात. मी लिहून घेते. सळया असलेल्या एकाही घराच्या फॉर्मात तो कॉलम आजवर रिकामा राहिलेला नाही.